पाणी येतं कुठून, मुरतं कुठे? पावसाच्या तोंडावर वाचकांची प्रश्नोत्तरे

मेचा शेवटचा आठवडा आला की या सदराकडे इंदूरकरांकडून येणाऱ्या प्रश्नांचा सूर दरवर्षी तोच असतो. बोरिंग कोरडं पडलं, टँकरचा भाव वाढला, कुणीतरी काहीतरी विकायला आलं, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी पाठवलं. विचारणारे वेगळे, घोळ एकच. वाफ, ढग, पाऊस, नदी, समुद्र हा फेरा शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. पण त्यातल्या कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो आणि वाटेत पाण्याचं काय होतं, हे कुणी बघत नाही. पैसे नेमके तिथेच बुडतात, आणि कधी कधी तब्येतही. म्हणून यंदा तेच ते येणारे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: समुद्राचं पाणी खारट, मग पाऊस गोड कसा? (विद्यार्थिनी, तिलक नगर)

उत्तर: वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं.

प्रश्न: पृथ्वीवरचं पाणी झपाट्याने कमी होत असून काही वर्षांत संपणार, असा मेसेज फिरतोय. खरं का? (निवृत्त शिक्षक, स्नेहलता गंज)

उत्तर: नाही. पृथ्वीवरचं एकूण पाणी माणसाच्या हिशेबात आहे तेवढंच आहे. अडचण वेगळी आहे. त्यातलं 97 टक्क्यांहून जास्त खारट. गोडं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास, त्यातलंही दोन-तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, उरलेलं बहुतेक जमिनीखाली. नद्या आणि तलाव मिळून गोड्या पाण्याचा एक टक्कासुद्धा होत नाही.

आता वेळेचा हिशेब बघा. सगळ्या वातावरणातली वाफ एकदम खाली उतरवली तर पृथ्वीवर सरासरी 25 मि.मी. उंचीचा थर होईल, बस. आणि जगभराचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण 1000 मि.मी. म्हणजे हवेतलं पाणी वर्षातून चाळीसेक वेळा बदलतं; वर गेलेली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत खाली येते. नदीतलं पाणी दिवस-आठवड्यांत पुढे सरकतं. जमिनीखालचं पाणी मात्र महिने, वर्षं, खोल असेल तर शतकं घेतं. आपण उपसतो ते सगळ्यात सावकाश भरणाऱ्या खात्यातून. पाणी संपत नाही. तुमच्या बोरिंगच्या आवाक्यातलं संपतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढा फरक ध्यानात घ्या.

प्रश्न: इंदूरपासून समुद्र इतका लांब. मग आपला पाऊस येतो कुठून? बिलावली, सिरपूर हे तलाव भरलेले असले तर त्यांच्या वाफेने आपल्याकडे जास्त पाऊस पडेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, वैशाली नगर)

उत्तर: दोन्ही समुद्रांकडून. खंभातचं आखात आपल्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. अरबी समुद्राकडचे ढग तिकडून येतात. पण माळव्यात दोन-तीन दिवस लागून राहणारी झड बहुतेकदा बंगालच्या उपसागरावर तयार झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्याची देणगी असते. तो ओडिशा, छत्तीसगड असा पश्चिम-वायव्येकडे सरकत मध्यप्रदेशावर येतो आणि सोबत अरबी समुद्राचीही वाफ ओढून घेतो. म्हणून इथे पावसाची बातमी हवी तर मुंबईच्या आकाशाइतकंच भुवनेश्वरच्या आकाशाकडे बघावं.

तलावांचं म्हणाल तर मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला 8 ते 10 मि.मी. पाणी उडून जातं. एका हेक्टरमागे रोजचे 80 हजार ते एक लाख लिटर. ऐकायला प्रचंड, पण ती वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. ती तुमच्याच मोहल्ल्यावर पडेल असं काही नाही. तलाव राखायचे ते भोवतालच्या विहिरींसाठी, पक्ष्यांसाठी आणि पुराचं पाणी सामावण्यासाठी. सिरपूर आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेले, तेही पाणथळ जागा म्हणून.

प्रश्न: पाऊस लांबला की घराबाहेर चूल मांडून उज्जैनी करतात, बेडकांचं लग्न लावतात. उपयोग होतो का? (गृहिणी, पागनीस पागा)

उत्तर: दाल-बाफले उत्तम होतात. ढगांना पत्ता लागत नाही.

प्रश्न: नळाला नर्मदेचं पाणी येतं. आपण वापरून सोडलं की ते परत नर्मदेतच जातं ना? निसर्गाचा फेरा पूर्ण होतो असं आमच्या सोसायटीत एकजण सांगतात. (सोसायटीचे सचिव, सुदामा नगर)

उत्तर: नाही जात, आणि हे इंदूरच्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवं.

नर्मदा विंध्याच्या दक्षिणेला वाहते आणि भडोचजवळ अरबी समुद्राला मिळते. मंडलेश्वरजवळच्या जलूदला तिचं पाणी उचलून, घाट चढवून, सुमारे 70 किलोमीटर नळातून इंदूरला आणतात. या योजनेचा पहिला टप्पा 1978 चा. पण इंदूर विंध्याच्या माथ्यावरून उत्तरेकडे उतरणाऱ्या पठारावर वसलंय. इथलं सांडपाणी, शुद्ध केलेलं असो वा नसो, कान्ह नदीत जातं (जुनी माणसं खान नदीच म्हणतात). कान्ह आणि सरस्वती कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी भेटतात. पुढे कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना प्रयागला गंगेत. म्हणजे तुम्ही सकाळी तोंड धुतलेलं नर्मदेचं पाणी वाटेत उडालं-मुरलं नाही तर बंगालच्या उपसागराला लागतं.

पाणलोटाची रेघ महूजवळून जाते. पातालपाणीवर पडलेला पाऊस चोरल नदीतून नर्मदेत उतरतो. जवळच्याच जानापावच्या डोंगरातून निघालेली चंबळ उत्तरेची वाट धरते. नर्मदेचं पाणी ही रेघ आपल्या आपण ओलांडत नाही, विजेच्या जोरावर ओलांडतं. हजार लिटर पाणी 500 मीटर वर चढवायला नुसत्या हिशेबाने जवळजवळ 1.4 युनिट वीज लागते. पंपातली आणि नळातली घट धरली की दोनच्या आसपास. सोसायटीची टंकी रात्रभर ओसंडून वाहते तेव्हा ही वीजही गटारात जाते. बॉलकॉक बदला. टंकीला पातळीचा स्विच बसवताना मात्र वायरिंगचं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न: हवेतून रोज 20 लिटर पाणी काढणारं यंत्र हप्त्यावर मिळतंय. नळ नाही, टँकर नाही. घ्यावं का? (व्यावसायिक, जेल रोड)

उत्तर: विक्रेत्याला एकच विचारा: 20 लिटर कोणत्या तापमानाला आणि किती दमटपणाला? उत्तर बहुतेक 30 अंश आणि 80 टक्के असं येईल, तेही माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत. ही ऑगस्टची हवा. तुम्हाला पाणी हवंय मेमध्ये.

मेच्या दुपारी इंदूरची हवा 40 अंशांची आणि जेमतेम 20 टक्के दमट असते. एका घनमीटर हवेत साधारण 10 ग्रॅम वाफ. ती थंड नळीवर धरायची तर हवा आधी 12-13 अंशांपर्यंत उतरवावी लागते, तेव्हा कुठे पहिला थेंब. पार 5 अंशांपर्यंत नेली तरी घनमीटरमागे 4 ग्रॅमच हाती लागतात. म्हणजे 20 लिटरसाठी 5000 घनमीटर हवा, दहा बाय बाराच्या दीडशे-एक खोल्यांतली. तेवढी हवा 35 अंशांनी थंड करायची वीज लिटरमागे एक युनिटाच्या पुढेच जाते. ऑगस्टमध्ये घनमीटरला 20 ग्रॅमच्या वर वाफ असते, तेव्हा यंत्र झकास चालेल, बाहेर पाऊस कोसळत असताना.

जाळी आणि टाकी वेळच्या वेळी धुतली नाही तर आत बुरशी धरते, तो वेगळा मुद्दा. घ्यायचंच असेल तर मे महिन्यात, तुमच्याच घरी, 24 तास चालवून मोजून दाखवायला सांगा. विक्रेता पुन्हा फिरकणार नाही असा माझा अंदाज आहे.

प्रश्न: प्लॉटवर बोरिंग करायचंय. पाणाड्याने हातावर नारळ ठेवून 600 फुटांवर मोठी शीर सांगितली. मशीनवाला म्हणतो, 700 पर्यंत जाऊ, जितकं खोल तितकं पाणी. काय करावं? (नोकरदार, राऊ)

उत्तर: आधी नारळ देवाला वाहा. नीट बांधलेल्या चाचण्यांत पाणाड्यांचा निकाल योगायोगाच्या वर गेलेला नाही. त्यांना पाणी लागतं ते यासाठी की पावसाळा बरा झाला असेल तर पुष्कळ ठिकाणी खणलं की थोडंफार लागतंच.

मशीनवाल्याचं म्हणणं जास्त धोक्याचं, कारण त्याचा दर फुटावर असतो. माळव्याचा खडक हा लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला बेसाल्ट. वरून खाली काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग अखंड काळा पाषाण. त्याखाली कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा आणि पुन्हा तोच क्रम. पाणी राहतं मुरमात, मांजऱ्यात आणि सांध्यांत. अखंड पाषाणात ते नसतं. खाली जावं तसे सांधे वरच्या भाराने मिटत जातात. बहुतेक पाणी वरच्या दीड-दोनशे फुटांत मिळतं. त्याखाली लागलं तर दोन थरांच्या जोडावर, आणि ते फार वर्षांचं साठलेलं असू शकतं. पहिल्या उन्हाळ्यात जोरात, तिसऱ्यात हवा.

इथे एक आकडेमोड करा. आपल्याकडे वर्षाला 900 ते 1000 मि.मी. पाऊस. बेसाल्टमध्ये त्यातला साधारण 7 ते 13 टक्केच खोल मुरतो. 7 धरा, म्हणजे 70 मि.मी. या खडकात पाणी धरायची जागा आकारमानाच्या दोनेक टक्के. मग 70 मि.मी. पाण्याने भूजल पातळी चढते साडेतीन मीटर. लोक ऑगस्टमध्ये विहिरीत डोकावून खूष होतात, “बारा फूट चढलं!” पाणी आहे फक्त 70 मि.मी. जसं भराभर चढलं तसंच भराभर उतरतं, आणि शेजारच्या चार पंपांनी आणखी भराभर.

मशीनवाला “दोन इंच पाणी लागलं” म्हणेल तेव्हा इंच कशाचा ते विचारा. काटकोनी व्ही-नॉचवर (पाणी मोजायची व्ही आकाराची खाच) पाण्याची उंची एक इंच म्हणजे तासाला साधारण 500 लिटर, आणि दोन इंच म्हणजे दुप्पट नव्हे, साडेपाच पट, तासाला 2800-2900 लिटर. नुसतं नळीच्या तोंडाकडे बघून सांगितलेल्या इंचाला काहीच अर्थ नाही. शिवाय कॉम्प्रेसरने उडवलेलं पहिलं पाणी साठलेलं असतं. खरा झरा कळायला पंप लावून किमान दोन-तीन तास सलग उपसा करून पातळी कुठे थांबते ते बघावं लागतं.

त्याआधी भूजलतज्ज्ञाकडून विद्युतरोध सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेणारी पाहणी) करून घ्या. 700 फुटी कोरड्या भोकाच्या मानाने ते स्वस्तच पडतं. आणि परवानगी बघा: मध्यप्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, 1986 खाली कलेक्टर टंचाईच्या काळात नवीन बोरिंगवर बंदी घालू शकतात. मशीनवाला “रात्री उरकून टाकू” म्हणाला तरी दंड तुमच्या नावावर येतो.

प्रश्न: गच्ची 1000 चौरस फूट, फरशी घातलेलं अंगण 600. प्लंबर म्हणतो, दोन्हीचं पाणी पाइपाने थेट बोरिंगच्या केसिंगमध्ये (भोकाच्या वरच्या भागात बसवलेली नळी) सोडा. अंगणात गाडी धुतो तेही पाणी वाया जाणार नाही. छोटा फिल्टर लावून देतो म्हणतो. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय, लगेच करून घ्यावं का? (गृहस्थ, लोकमान्य नगर)

उत्तर: नाही. अजिबात नाही. हा प्रश्न शब्द बदलून दरवर्षी येतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारायच्या आधीच करून मोकळा झालेला असतो, म्हणून जरा सविस्तर.

पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा पहिले दोन-चार हात माती आणि मुरूम यांतून थेंबाथेंबाने उतरतो. मातीतले जिवाणू घाण खातात, कण गाळ अडवतात, रोगजंतू तिथेच मरतात. पाण्याच्या सगळ्या फेऱ्यात फुकट शुद्धीकरणाच्या जागा दोनच: वाफ होते तिथे आणि मातीत मुरते तिथे. बोरिंगच्या केसिंगमध्ये थेट सोडलेलं पाणी दुसरी जागा चुकवून जातं. खाली बेसाल्टच्या सांध्यांत गाळणी नाही. सांधा म्हणजे नळीच. आज तुमच्या अंगणातलं ऑइल, साबण, कुत्र्या-मांजरांची घाण खाली गेली की ती दोन-चार दिवसांत तीन घरं पलीकडच्या बोरिंगमधून कुणाच्या तरी पेल्यात येऊ शकते. त्या घरात लहान मूल असेल तर? नगर निगमची नोटीस येईल म्हणून नव्हे, या कारणासाठी अंगणाचं पाणी बोरिंगमध्ये सोडायचं नाही. गाडी धुतलेलं तर नाहीच.

आता गच्चीचं. ते त्या मानाने स्वच्छ, पण आठ महिन्यांची धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यात असते. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. एक मि.मी. पावसाला 93 लिटर पाणी. पहिला दीड मि.मी. पाऊस फेकून द्यायचा, म्हणजे साधारण 140 लिटर. प्लंबर त्यासाठी सहा इंची पाइपाचा तीन फुटांचा तुकडा उभा लावून देतो; त्यात जेमतेम 17 लिटर मावतात. उरलेली घाण पुढे जाते. 200 लिटरचा ड्रम लावा, तळाशी बारीक तोटी ठेवा, म्हणजे दोन पावसांच्या मधे तो आपोआप रिकामा होईल. तोटी कचऱ्याने बंद पडते. ती बघायला कुणी जात नाही, मग ड्रम कायम भरलेला राहतो आणि पहिलं घाणेरडं पाणी सरळ पुढे.

जोराची सर तासाला 50 मि.मी. धरली तर गच्चीवरून तासाला 4600-4700 लिटर पाणी येतं. प्लंबरचा हातभर लांबीचा फिल्टर एवढं पाणी गाळूच शकत नाही. ते बाजूने उसळतं किंवा न गाळता खाली जातं. त्याच्या डब्यावर “आयुष्यभर देखभाल नको” लिहिलेलं असेल तर ती वस्तू गाळत नाही असं समजा, कारण जे गाळतं ते तुंबतं आणि ते धुवावंच लागतं.

मग करायचं काय? आधी साठवा. 2000 ते 5000 लिटरची टाकी, तिच्यात गच्चीचं पाणी. झाडं, धुणी, फरशी यांना वापरा. टाकीचं ओसंडणारं पाणी शोषखड्ड्यात. वर्षाकाठी या गच्चीवरून 80 टक्के धरून 70 हजार लिटरच्या आसपास मिळतं, त्यातलं जमेल तेवढं तुमच्याच घरात वापरलं तर बोरिंगचा तेवढा उपसा वाचतो. उपसा वाचवणं हे भरण्यापेक्षा नेहमी स्वस्त असतं, पण त्याचं बिल फाडता येत नाही म्हणून कुणी विकत नाही.

खड्डा खणताना इंदूरची खोड ध्यानात ठेवा. काळी माती भिजली की फुगते आणि भेगा मिटवून टाकते. तिच्यात केलेला खड्डा पंधरा दिवसांत डबकं होतो आणि तुम्ही डासांची शेती करता. काळी माती पूर्ण ओलांडून मुरमापर्यंत जायचंच, मग ते चार फूट असो की दहा. तळाशी एक फूट खोल लहान खळगा करा, तो रात्रभर पाण्याने भिजवून ठेवा. सकाळी पुन्हा फूटभर भरा आणि तासाभरात किती बोटं उतरलं ते पट्टीने मोजा. तासाला दोन-तीन सेंटीमीटरसुद्धा उतरत नसेल तर तिथे खड्डा चालणार नाही; जागा बदला किंवा तज्ज्ञाला बोलवा. उतरत असेल तर चार बाय चार फुटांचा खड्डा पुरे. तळाशी फूटभर 40 ते 60 मि.मी.ची गिट्टी, तिच्यावर आठ-दहा इंच 10 ते 20 मि.मी.ची, मग नायलॉनची जाळी, आणि सगळ्यात वर सव्वा फूट जाड धुतलेली रेती. रेती वर का? घाण वरच्या दोन बोटांत अडकते, ती खरवडून काढता येते. उलटे थर घातलेले खड्डे इंदूरमध्ये ठिकठिकाणी दिसतील. त्यांत गाळ तळाशी जाऊन बसतो आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. वरून 110 मि.मी.चा ओव्हरफ्लो गटाराला जोडा, नाहीतर पहिल्याच झडीला पाणी पायाकडे वळेल. पायापासून किमान दहा फूट, सेप्टिक टँकपासून किमान 15 मीटर अंतर. रेती दर पावसाळ्याआधी खरवडायची, दोन-तीन वर्षांनी बदलायची.

बोरिंगमध्ये थेट भरणं कधीच नाही असं नाही. कोरडं पडलेलं बोरिंग असेल, फक्त गच्चीचं पाणी असेल, वर सांगितल्यासारखी रेतीची गाळणी मधे असेल आणि आजूबाजूला कुणी त्याच थरातलं पाणी पीत नसेल तर विचार करता येतो. यातलं शेवटचं तुम्ही घरबसल्या ठरवू शकत नाही. केसिंग खडकात नीट बसलंय का, बाहेरून सिमेंट भरलंय का, कोणत्या खोलीवर सांधे आहेत, हे भूजलतज्ज्ञाने बघायचं.

आणि पंधरा दिवसांत उरकायची घाई नको. एवढं काम जानेवारीत काढायचं असतं, तेव्हा कुणी हाक मारत नाही. यंदा नुसती गच्ची धुऊन टाकी आणि ड्रम लावा, खड्डा दिवाळीनंतर.

प्रश्न: गेल्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर बोरिंगचं पाणी गढूळ आलं, वास येत होता. टीडीएसचा पेन लावला, आकडा कमी आला. म्हणजे पाणी चांगलंच ना? (गृहिणी, नंदलालपुरा)

उत्तर: टीडीएसचा पेन विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. पावसाचं पाणी मिसळलं की क्षार कमी दिसणारच. तुमच्या बाबतीत कमी आकडा हीच धोक्याची खूण आहे, वरचं पाणी न मुरता थेट आत शिरतंय. फिल्टर विकणारा हाच पेन दाखवून दोन्हीकडून बोलतो: आकडा जास्त आला तर यंत्र घ्या, कमी आला तर खनिजं घालणारं यंत्र घ्या.

यंदा असं झालं तर पिण्यासाठी ते वापरू नका. केसिंगचं तोंड जमिनीपासून किमान फूटभर वर आणि झाकलेलं आहे का बघा. मग निर्जंतुकीकरण: सहा इंची बोरिंगमध्ये 200 फूट पाणी उभं असेल तर ते साधारण 1100 लिटर होतं. त्याला 30 टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर 200 ग्रॅम पुरते. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी बोरिंगमध्ये ओता, नळांना क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवा, 12 तास बंद ठेवा, मग वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका. ते झाडांना घालू नका. वर्षभर उघडी पडलेली पावडर वापरली तर तिच्यातलं क्लोरीन उडालेलं असतं आणि तुम्ही चुना ओतता. आठवड्याने पीएचईच्या (सरकारी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभाग) प्रयोगशाळेत जंतूंची आणि नायट्रेटची तपासणी करून घ्या. बाटली त्यांचीच निर्जंतुक घ्या. घरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या असतील तर आधी डॉक्टर.

प्रश्न: प्रदर्शनासाठी जलचक्राचं मॉडेल करायचंय. थर्माकोलचं सगळेच करतात. (सातवीतला विद्यार्थी, रामबाग)

उत्तर: थर्माकोल राहू दे. चित्रांत सगळे बाण समुद्रातून निघतात आणि झाडं शोभेला असतात. जमिनीवरून वर जाणाऱ्या वाफेचा मोठा वाटा झाडांच्या पानांतून जातो. तेच दाखव. कडुनिंबाच्या उन्हातल्या डहाळीवर सकाळी पारदर्शक पिशवी चढव, तोंड सुतळीने घट्ट बांध, एक कोपरा खाली लोंबता ठेव. दुपारपर्यंत त्या कोपऱ्यात पाणी जमेल. शेजारी वाळलेल्या काडीवर तशीच पिशवी बांध, म्हणजे “हे हवेतलंच पाणी असेल” म्हणणाऱ्याला उत्तर तयार. पाणी मोजायला शाळेतलं मोजपात्र माग. संध्याकाळी पिशवी काढ, नाहीतर पानं उकडून काळी पडतात. शिडी लागत असेल तर बाबांना सोबत घे.

प्रश्न: जुलैत कूलर का काम करत नाही? मेकॅनिक पंप बदला म्हणतो. (दुकानदार, राजवाडा)

उत्तर: हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही, गारवा येत नाही. पंप बदलू नका.

प्रश्न: गच्ची नेमकी कधी धुवावी? पहिला पाऊस धुऊन काढेल म्हणून आम्ही थांबलो आहोत. (गृहस्थ, नारायण बाग)

उत्तर: या रविवारी. पहिला पाऊस ती धुतो आणि सगळं तुमच्या टाकीत आणतो. कोरड्या झाडूने झाडून कचरा खाली टाकू नका, पोत्यात भरा; मग पाण्याने धुवा, पाइपाचं तोंड तेवढ्यापुरतं गटाराकडे वळवून. जाळी फाटली असेल तर बदला. गच्चीला भेगा असतील किंवा वॉटरप्रूफिंगचं रसायन नुकतंच लावलं असेल तर यंदाचं पाणी साठवण्याआधी ते पिण्याच्या पाण्याला चालणारं आहे का, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या.